नानांच्या सणाच्या गोधड्या

नाना माणसाच्या तोंडाकडं कधी बघत नसत. आधी बाही, मग कोपर, मग धोतराचा काठ. लग्नानंतर मी नवा सदरा घालून केदारखेड्याच्या पारावर गेलो, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "झकास हाये. किती वर्षांनी फाटंल रे?"

आता ह्याला काय म्हणायचं, कपाळ!

नाना माझे शेजारी. दोन औतांची शेती, पण जीव सगळा सुईदोऱ्यात. पोळ्याला बैलांच्या झुली शिवता शिवता गडी गोधड्यांवर आला. बायको लवकर गेली तेव्हा लेक गोदी तीन वर्षांची. थंडीत कुडकुडायची. "दुसऱ्याच्या दारी किती जावं? घेतली सुई," असं सांगायचे. पोर मोठी झाली, सासरी गेली, सुई काही सुटली नाही. त्यातून प्रत्येक सणाची गोधडी वेगळी, आणि ती त्याच सणाला काढायची. संक्रांतीची काळ्या तुकड्यांची. रंगपंचमीची रंगलेल्या धोतरांची, तीही न धुता. ती चुकून पांघरून निजलेला एक पाहुणा सकाळी गुलाबी होऊन उठला आणि न्याहारी न करताच गावाला गेला.

गोधडीत गावच्या प्रत्येक घरची चिंधी पाहिजे, आलेल्या-गेलेल्याचीही पाहिजे, हा हट्ट. निजामाचं राज्य होतं. महसुलाचे साहेब, गिरदावर, जमीन मोजायला आले की लोक चळाचळा कापायचे. नानांनी काय करावं? त्यांच्या शेरवानीचा घेर वितीनं मोजला! "साहेब, बिलकुल जल्दी न्हाई. इरली-फाटली की आमच्याकडं धाडा." साहेब हसले म्हणून निभावलं.

एकदा मात्र निभावलं नाही. गोदीचा दिवाळसण होता. तीर्थपुरीहून लेक-जावई आले, व्याही आबासाहेब आले. पंगत बसली आणि नानांची नजर व्याह्यांच्या केशरी पटक्यावर खिळली. मी शेजारच्याच पाटावर. मनात म्हटलं, देवा, आज नको! पण हा बाबा कसला ऐकतो?

"आबासाहेब, पटका इरत आला तुमचा. मला देऊन टाका. दिवाळीच्या गोधडीत ज्योत काढायला असाच रंग पाहिजे."

भरल्या पंगतीत व्याह्याच्या डोक्यावरचा पटका मागितला! आबासाहेब पानावरून उठले. गाडी जुंपायला लावली, लेकाला आणि सुनेला घेऊन निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "हिचं माहेर संपलं."

पुढच्या नागपंचमीला गावच्या सगळ्या लेकी माहेरी आल्या, झोक्यावर चढल्या. गोदीला आणायला नानांनी धाडलेला मुराळी रिकामी गाडी घेऊन परत आला. दिवाळीलाही तेच झालं.

दुसऱ्या वर्षी आषाढात नाना उघड्या डोक्यानं हिंडू लागले. आमच्याकडं पिकला माणूस असा दिसला की घरात कोणीतरी वारलं असं समजतात. जो तो विचारी, "नाना, कोण गेलं?"

"कोणी गेलं न्हाई. पोर यायची हाये."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं फिरलं. घरात जाऊन बघतो तर पंचमीची गोधडी तयार. मधोमध कडुलिंबाचं झाड, फांदीला झोका. झोक्यावर कोणी नाही. झोका आणि चारी बाजूंची किनार लालभडक. नानांचा गोदीच्या लग्नातला पटका!

"अहो, हे काय करून बसलात?" मी ओरडलोच.

"मी त्यांच्या डोक्यावरचं मागितलं. आता माझ्या डोक्यावरचं देऊन राह्यलो. बराबर हाये ना? तूच जा मुराळी. गोधडी दे, बाकी काही बोलू नको."

गेलो. दोन मुक्कामांची वाट, सगळा चिखल, आणि वाटभर नानांना शिव्या. आबासाहेबांनी गोधडी ओट्यावर पसरायला लावली, किनारीवरून हात फिरवला आणि थांबले.

"हा तर त्यांचा पटका."

"हो."

"मंग आता डोक्याला काय बांधून राह्यले?"

"काहीच न्हाई. उघडेच फिरतात. लोक विचारतात, कोण गेलं."

आबासाहेबांनी आपल्या हातानं गोधडीची घडी घातली. मग एकदम आत बघून ओरडले, "सूनबाई, गठुडं बांध!" आणि डोक्यावरचा तोच केशरी पटका उतरवून माझ्या हातात दिला. "नानांना म्हणावं, बांधा. कातरी लावली तर याद राखा."

आम्ही केदारखेड्यात पोचलो तेव्हा नाना दारातच उभे होते. मला वाटलं, आता ह्यांच्या बोलण्यातून दोन तास काही सुटका नाही. पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी गोदीनंच त्यांना ओट्यावर बसवलं आणि पटका गुंडाळायला घेतला. जमेना तिला.

"नाना, बोला की काहीतरी," ती रडत म्हणाली.

रस्त्यात माणसं अडवून अडवून बोलणारे नाना खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "घरात कोणाशी बोलू गोदे? तू गेल्यापासून सवयच राह्यली न्हाई."

आणि मी एवढी वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो.