ठिपकी मादीच आहे, लिहून घे!

परसात कोंबड्या पाळायच्या हे बायकोनं ठरवलं. पिल्लं मी निवडून आणायची, हे मी ठरवलं. तिथंच सगळं चुकलं.

तिची मागणी साधी होती. "अहो, सहा पिल्लं आणा. पण माद्याच आणा हं. नर एकही नको." कारण आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे शेजारच्या नर्सबाईंची झोपायची खोली आहे. बाई रात्रपाळी करतात आणि सकाळी घरी येऊन झोपतात. कोंबड्यांना त्यांनी हरकत घेतली नाही, पण बजावून सांगितलं, "वहिनी, कोंबडा एकदा जरी आरवला ना, तर सगळं खुराडं उचलायचं." बायकोनं शब्द दिला. (आमच्या घरात शब्द ती देते, पाळायचा मी.)

पिल्लंवाला प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "साहेब, एवढ्या लहानपणी नर-मादी आम्हालाही सांगता येत नाही."

"आम्हाला येतं," मी म्हणालो. मी पडताळणी विभागात कारकून आहे. इतरांच्या नजरेतून सुटलेलं पकडण्याचाच मला पगार मिळतो. पिल्लंवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी तेव्हा आदराची समजलो.

घरी खोका उघडल्यावर बायकोनं विचारलं, "यातल्या माद्या कुठल्या?"

"सगळ्या."

"कशावरून?"

"चेहऱ्यावरून."

दोन महिन्यांनी त्या चेहऱ्यांवर तुरे दिसायला लागले आणि माझी झोप उडाली. हेडक्लार्क म्हणाले, पाय धरून उलटं लटकवा, फडफडला तर नर. सगळी फडफडली. (मला कुणी उलटं लटकवलं तर मीही फडफडेन.) ऑफिसच्या शिपायानं पंखांची पिसं बघायला सांगितलं. ती बघायला गेलो तर चष्म्यावर चोच बसली. मग मेव्हण्याला फोन केला. त्याची गावाबाहेर बाग आहे, म्हणून त्याला सगळं कळतं असा बायकोच्या माहेरी समज आहे.

"दाजी, सोपं आहे. त्यांच्यावर टोपी भिरकावा. पळेल ती मादी. मान वर करून उभा राहील तो नर."

टोपी सापडेना, म्हणून मी टॉवेल भिरकावला. सहाच्या सहा टॉवेलखाली गेली आणि तिथंच झोपली.

तरीही मी माघार घेतली नाही. नराच्या पायाला लाल लोकर आणि मादीच्या पायाला हिरवी, अशी पद्धत सुरू केली. पण माझं मत सकाळ-संध्याकाळ बदलायचं. शेवटी बायको म्हणाली, "लोकर पुरवून वापरा. मला स्वेटर विणायचाय." मग मी निकाल लावला. सारखी भांडणारी, दाण्यावर तुटून पडणारी दोघं नर. ती मेव्हण्याच्या बागेत रवाना केली. उरल्या चौघी.

त्यातली ठिपकी बायकोची लाडकी. खाली मान घालून चालायची, सगळ्यांचं झाल्यावर खायची.

"अहो, हिचा तुरा जरा जास्तच वाढलाय," बायको म्हणाली.

"ठिपकी मादीच आहे, लिहून घे! वळण बघ तिचं."

पुढं एका सकाळी मी परसात दात घासत होतो. ठिपकी पालथ्या बादलीवर चढली, मान ताणली आणि गंजलेलं फाटक उघडावं तशी आरवली. माझ्या तोंडातला फेस सदऱ्यावर आला. पलीकडची खिडकी धाडकन उघडली.

"काय आरवलं?" नर्सबाईंचा आवाज.

"मी!" माझी बोबडी वळली होती. "म्हणजे, घसा धरलाय हो. गुळण्या करत होतो."

खिडकी मिटली. बायको दारात उभी होती. तिनं सदरा पुसायला फडकं दिलं आणि आत गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "रविवारी टेम्पो घेऊन येतो, ठिपकीला नेतो. पण दाजी, तुमचे आधीचे दोन्ही कोंबडे अंडी घालायला लागलेत. काही औषध देऊ का?"

रविवारपर्यंत मी खिंड लढवली. ठिपकी आरवली की मागोमाग मी परसात उभा राहून तशाच सुरात गुळण्या करायचो. बोलून बोलून नव्हे, गुळण्या करून करून घसा खरोखरच बसला. त्यातच शनिवारी बाकीच्या तिघींपैकी एकीनं पहिलं अंडं घातलं. बायको ते ओंजळीत धरून घरभर फिरली. इतकी खूष मी तिला बढती मिळाल्यावरही पाहिली नव्हती. (माझ्या बढतीवर. ती अजून व्हायची आहे.) आता खुराडं उचलावं लागलं, तर मलाही उचलावं लागणार, हे मला कळून चुकलं.

त्याच दिवशी नर्सबाई टॉर्च घेऊन घरात आल्या. "भाऊ, आठवडाभर ऐकतेय. हा आवाज बरा नाही. बसा. वहिनी, एक चमचा द्या."

नको नको म्हणेपर्यंत चमचा जिभेवर आला. "आ करा. मोठा."

मी आ केला. आणि परसातून ठिपकी आरवली. आठवड्याभराच्या सरावानं तिचा आवाज चांगलाच मोकळा झाला होता.

नर्सबाई दोन पावलं मागं सरल्या. "अगं बाई! वहिनी, मी अर्धं आयुष्य वॉर्डात काढलं, पण असं काही पाहिलं नाही. हे घशातून नाही, थेट पोटातून येतंय!"

मी बायकोकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर मी सुटलो असतो आणि कोंबड्या गेल्या असत्या. बायकोनं टेबलावरच्या अंड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा अंड्याकडे.

"वंशपरंपरागत आहे त्यांच्याकडे," ती शांतपणे म्हणाली.

"असेल. पण मला झोप लागत नाही हो. यांना थोडे दिवस कुठंतरी हलवा."

"उद्या माझा भाऊ टेम्पो घेऊन येतोच आहे," बायको म्हणाली. "त्यातच बसवून देते."

रविवारी मी बॅग घेऊन टेम्पोच्या मागच्या बाजूला चढलो. शेजारी टोपलीत ठिपकी. टेम्पो हलला आणि बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं.

"अगं, रडतेस काय? पंधरा दिवसांत येतो!"

"तुमचं नाही हो," ती हुंदका देत म्हणाली, "ठिपकीला प्रवासाची सवय नाही."