चुन्यात मुरलेला पेंढा

पेंढ्याची रग जिरवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो! वाळका पेंढा म्हणजे महाहट्टी. तसाच बायोगॅसच्या टाकीत टाकला, तर आतले जंतू त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण तोच बारीक कापून पंधरा दिवस चुन्याच्या पाण्यात मुरवा. असा मऊ पडतो, की जंतू त्याच्यावर तुटून पडतात आणि गॅस दीडपट! आमच्या गॅस प्रकल्पाच्या मॅडमना मी हे छातीठोकपणे सांगितलं.

"करून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी, सोमवारी, मी घरी येऊन बघते. जमलं असेल तर नवी टाकी तुमच्या ताब्यात."

नवी टाकी! नऊ वर्षं मी तिथे नमुन्यांच्या बाटल्या विसळतोय. आता कुठे स्वतंत्र जबाबदारी मिळणार होती.

मागच्या अंगणात मी ड्रम मांडला, पेंढा कापला, चुना कालवला. आणि काय सांगू, बायको चक्क खूश झाली! बारा वर्षांच्या संसारात माझ्या प्रयोगांना तिने 'पसारा' सोडून दुसरा शब्द वापरलेला नाही. आता रोज ड्रमपाशी येऊन कौतुकाने वाकून बघायची.

"अहो, किती दिवस मुरवायचं हे?"

"पंधरा. रविवारी तयार!"

"मला वाटलं नव्हतं हो, तुम्ही एवढं मनावर घ्याल."

मी विरघळलो. विज्ञानाची कदर करणारी बायको मिळायला भाग्य लागतं!

रविवारी सकाळी मी केस कापून घ्यायला गेलो. मॅडम येणार म्हणजे जरा बरं दिसायला नको? परत येऊन बघतो तर ड्रम धुऊन उन्हात उपडा घातलेला! आणि स्वयंपाकघराची मागची भिंत, जिच्या पोपड्यांवरून दोन वर्षं माझा उद्धार चालला होता, ती गुळगुळीत झालेली. समोर गवंडी निवांतपणे थापी धूत होता.

"अगं, माझा पेंढा?"

"लागला की भिंतीला!" बायको आनंदाने म्हणाली. "गिलाव्यासाठीच भिजवलात ना?"

"साहेब, माल एक नंबर!" गवंडी म्हणाला. "मी फक्त माती मिसळली. तीस वर्षांत असा मुरलेला पेंढा नाही बघितला."

माझ्या डोळ्यांपुढे नऊ वर्षांच्या बाटल्या नाचू लागल्या. मी उलथनं उचलून भिंतीवर धाव घेतली. बायको हात पसरून आडवी आली.

"खबरदार! आधी मला खरवडा, मग भिंतीला हात लावा!"

शेवटी गवंड्याच्या पाट्यांना चिकटलेलं निपटून अर्धी बादली जमली. सोमवारी मॅडम आल्या. मी बादली पुढे केली.

"यात माती कशी?"

"थोडी... नैसर्गिक आहे, मॅडम."

"आणि बाकीचा ड्रम?"

मी आभाळाकडे बघायला लागलो. बायकोला मात्र राहवेना. "हा काय, मॅडम!" असं म्हणत ती त्यांना थेट भिंतीपाशी घेऊन गेली.

मॅडमनी भिंतीवरून हात फिरवला. बोटाने दाबून पाहिलं. एक काडी चिमटीत घेऊन चुरगाळली. मी डोळे मिटून घेतले.

"पेंढा खरंच मऊ पडलाय," त्या म्हणाल्या. "मानलं तुम्हाला!"

माझी छाती फुगली.

"आपल्या ऑफिसच्या भिंतींचे किती पोपडे निघालेत, बघताय ना? हे मिस्त्री कुठे भेटतील?"

तर मंडळी, नवी टाकी माझ्या ताब्यात आली. रोज तिच्यात पेंढा मुरवतो. गॅस अजून निघालेला नाही, पण ऑफिसच्या तीन भिंती झाल्यात. जबाबदारी म्हणाल तर अगदी स्वतंत्र आहे. सुट्टी मात्र मिस्त्रींना विचारून घ्यावी लागते!