हवेतला होकार

फ्लाइंग क्लबची वार्षिक सहल निघाली त्या सकाळी दातांच्या डॉक्टरांना एकच काळजी होती, आणि ती विमानाची नव्हती. विमान त्यांनी दोनदा पुसलं होतं, इंजिनातलं तेल पाहिलं होतं, चाकं दाबून पाहिली होती. काळजी होती ती बायकोची. जुने कार्यवाह परगावी राहायला गेले होते आणि त्यांच्या जागी कोण, हे अध्यक्ष संध्याकाळच्या जेवणात जाहीर करणार होते. त्या पदावर डॉक्टरांचा कित्येक वर्षं डोळा होता.

"तिथे सगळ्यांशी जरा जपून बोल," पट्टा आवळता आवळता ते म्हणाले.

"मी काय बोलते?"

"काही नाही. तेवढंच बोल."

डॉक्टरीणबाई शाळेत गणित शिकवत. चुकलेलं उत्तर दिसलं की त्यावर काट मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, मग ते वहीत असो की माणसात. डॉक्टरांचं उलट होतं. दवाखान्यात ते दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावून बोलू देत नसत, आणि घरी त्याची पुरती परतफेड होई.

सहल जवळचीच होती. समुद्रकाठी गवताची धावपट्टी, शेजारी अतिथिगृह, शनिवारी जायचं नि रविवारी परतायचं. क्लबची बाकीची विमानं पुढे गेली होती. डॉक्टरांचं सगळ्यांत शेवटी उडालं. माणूस मोठा टापटिपीचा. नकाशा मांडीवरून घसरतो म्हणून त्यांनी तो घडी घालून समोरच्या, विमान वळवायच्या दांड्यावर ठेवला आणि वरून चांगलं जाड रबरबँड ताणून बसवलं. नकाशा पक्का बसला. त्याच दांड्यावर रेडिओवर बोलायचं बटण असतं, आणि रबरबँडने तेही पक्कं दाबून धरलं होतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. बटण दाबलेलं असेपर्यंत आपण बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं आणि दुसऱ्या कुणाचं आपल्याला येत नाही.

"आज रेडिओ किती शांत आहे," डॉक्टर खुशीत म्हणाले.

"बरंच आहे की. नाहीतर तुमच्या क्लबातल्या वकिलांची ती वादळाची गोष्ट ऐकावी लागली असती. त्यांनी वादळातून विमान कसं बाहेर काढलं ती. दर वर्षी वादळ वाढतंच आहे."

"हो."

"आणि अध्यक्ष उतरतात तेव्हा बघितलंय? बेडूक बरा. तीन वेळा आपटायचं आणि वर ऐटीत बाहेर येऊन विचारायचं, कसं झालं?"

"खरं आहे."

"आणि तुम्ही सगळे म्हणता, झकास! लाज नाही वाटत?"

"चुकलं माझं."

"अध्यक्षीणबाईंचा केक तर विमानाच्या चाकाखाली अडकवायला ठेवावा. विमान हलायचं नाही."

"अगदी बरोबर."

हे पाऊण तास चाललं. खाली हिरवी शेतं सरकत होती, समुद्राची रेघ जवळ येत होती, आणि डॉक्टर मधूनमधून "हो", "बरं", "पुन्हा नाही होणार" म्हणत मजेत विमान चालवत होते. पोचत आल्यावर नकाशाचं काम संपलं म्हणून त्यांनी रबरबँड काढलं. त्याबरोबर कानात एकच गलका झाला.

"अहो, सुटलं! बटण सुटलं त्यांचं!" धावपट्टीच्या रेडिओवरचा माणूस ओरडत होता. "डॉक्टर, ऐकू येतंय का? तुमचं बटण अडकलं होतं. मघापासून सगळे तुम्हालाच ऐकतायत!"

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. "सगळे म्हणजे?"

"सगळी विमानं. शिवाय इथे खोलीत स्पीकर आहे, त्यामुळे चहाला जमलेले लोकसुद्धा."

ते कसे उतरले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बाई मात्र शांत होत्या. "मी काय खोटं बोलले?" एवढंच त्यांनी विचारलं.

आता एकच उपाय होता. कुणी काही बोलायच्या आत आपणच जाऊन माफी मागायची. अध्यक्ष गवतावर हात मागे बांधून उभे होते. डॉक्टर तडक त्यांच्यापुढे गेले.

"साहेब, आमच्या हिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका."

"कोणतं बोलणं?"

काय मोठं मन आहे, डॉक्टरांना वाटलं. ऐकूनही न ऐकल्यासारखं करताहेत. "तेच ते. तुम्ही बेडकासारखे उतरता म्हणाली ते. तीन वेळा आपटता, ते."

अध्यक्षांची फक्त मिशी हलली.

मग डॉक्टर अध्यक्षीणबाईंकडे वळले. "वहिनी, केक चाकाखाली ठेवायचा म्हणजे तिला तसं म्हणायचं नव्हतं. घट्ट होतो, एवढंच." अध्यक्षीणबाईंच्या हातात त्या वेळी डबा होता. त्यांनी तो छातीशी धरला आणि त्या आत निघून गेल्या.

शेवटी डॉक्टरांनी वकिलांना गाठलं. "वकीलसाहेब, वादळ तेवढंच आहे हो! ते दर वर्षी वाढतं असं आमचं म्हणणं नाही."

वकील व्यवसायाने सावध. त्यांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं. "हे असं कोण म्हणालं?"

"ही! तुम्ही ऐकलंत ना रेडिओवर?"

"रेडिओवर? अहो, तुमच्या बटणाने तुमच्याच तोंडापुढचा माइक चालू होतो. वहिनींचा एक शब्द ऐकू आला नाही. आम्ही फक्त तुम्हाला ऐकत होतो. हो, बरं, चुकलं माझं, पुन्हा नाही होणार. पाऊण तास! आमच्या मंडळींनी तर डोळ्यांना रुमाल लावला."

"आणि अध्यक्ष?"

"ते खूश! म्हणाले, इतका वेळ उलट शब्द न बोलता ऐकून घेणारा माणूस, सभासदांच्या तक्रारी ऐकायला हाच कार्यवाह हवा. ठरलंच होतं म्हणा ना."

डॉक्टर तिथेच गवतावर बसले. हातात आलेलं पद त्यांनी स्वतःच्या तोंडाने, माफी मागून मागून घालवलं होतं. आजवर इतकं वाईट त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

दुपारभर धावपट्टीवर एक विमान उतरत होतं, चढत होतं आणि पुन्हा उतरत होतं. जेवायला सगळे जमले तेव्हा अध्यक्षांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. केक टेबलावर आलाच नव्हता. डॉक्टर सुपात चमचा फिरवत बसले होते.

अध्यक्ष उभे राहिले. "आज मला कळलं, की मी बेडकासारखा उतरतो. मी दुपारी पुन्हा पुन्हा उतरून पाहिलं आणि रेडिओवरच्या माणसाला विचारलं, खरं सांग. तो म्हणाला, बेडकाला निदान पाय दुमडता येतात." कुणीतरी हसू दाबलं. "गेली कित्येक वर्षं मी तुम्हाला विचारतोय आणि तुम्ही झकास म्हणताय. एखाद्या दिवशी चाक मोडलं असतं म्हणजे? या क्लबात हो म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणून कार्यवाहपद मी डॉक्टरीणबाईंना देतोय."

टाळ्या सुरू झाल्या, आणि सगळ्यांत जोरात डॉक्टरांच्या होत्या. पद शेवटी घरातच आलं होतं. शिवाय बाई आता क्लबभर बोलणार, म्हणजे घरी थोडी तरी उसंत मिळणार, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं.

"मला विमानातलं काही कळत नाही," बाई उठत म्हणाल्या. "पण पद घेतलंय तर पहिला निर्णय आत्ताच सांगते. बटण दाबलेलं राहिलंय हे ज्यांना पाऊण तास कळत नाही, त्यांनी पहिल्यापासून शिकावं. उद्यापासून आमचे हे महिनाभर एकट्याने विमान चालवणार नाहीत. प्रशिक्षकांच्या शेजारी बसतील."

डॉक्टरांच्या टाळ्या हवेतच थांबल्या. मदतीच्या आशेने त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष नव्या कार्यवाहांकडे बघत अदबीने मान डोलवत होते, आणि त्यांच्या शेजारी वकीलही.