रिंग रोडच्या आतले भोयरकाका

आमच्या शेजारचे भोयरकाका बारा वर्षं नागपूरच्या रिंग रोडबाहेर गेले नव्हते. दारात स्वतःची गाडी, तब्येत ठणठणीत, पेन्शन वेळेवर. पण कोणी वर्ध्याचं नाहीतर भंडाऱ्याचं लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं की काका पत्रिका दोन्ही हातांनी घ्यायचे, पाहुण्याला चहा पाजायचे आणि फाटकापर्यंत सोडायला येऊन हळूच सांगायचे, "येनं तं होत नाही. पट्टा जुना झाला आहे."

पाहुण्याला वाटायचं, कमरेचा पट्टा. पाठीचं दुखणं असेल बिचाऱ्यांना. तो "जपा काका" म्हणून निघून जायचा आणि पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी हाती तेलाची बाटली पाठवायचा. अशा चार बाटल्या काकांच्या फळीवर होत्या.

हा पट्टा म्हणजे गाडीचा टायमिंग बेल्ट. आता मला तो पाठ झाला आहे, कारण काकांनी मला त्याची आकृती काढून दिली होती. रबराचा, आतून दाते असलेला. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग एका तालात फिरवणं हे त्याचं काम. तो तुटण्याआधी खूण करत नाही, आवाज करत नाही. चालत्या गाडीत तुटतो, आतले दांडे वाकतात आणि गाडी जिथे असेल तिथे मरते. "भरोसा नाही ना बाप्पा," काका म्हणायचे.

"मग बदला ना काका."

"बदलाचाच आहे. पुढच्या महिन्यात."

हा पुढचा महिना मी बारा वर्षं ऐकला.

काका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. पस्तीस वर्षं कालवे आणि पाटचाऱ्यांच्या बारीक रेघा मारल्या. अक्षर असं की दूधवाल्याला लिहिलेली 'उद्या एक लिटर' ही चिठ्ठी त्याने फेकली नाही, घरी नेऊन भिंतीला लावली. गाडी चोवीस वर्षांची, पांढरी. रोज सकाळी सातला काका ती सुरू करत, बॉनेटवर कान टेकत आणि डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत. त्या वेळात आमच्या लेआउटमध्ये कोणी त्यांच्याशी बोलत नसे. मग भाजीला धरमपेठ, कधी चादरी घ्यायला गांधीबाग. वेग तीसचा. मागे हॉर्न वाजले की काच खाली करून हाताने सांगायचे, जा बाबा, तुझा पट्टा नवा असन.

सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, अमरावतीला राहायच्या. मी या घरात आले तेव्हापासून हे असंच होतं. भांडण म्हणावं तर कोणी कधी ऐकलं नाही. दिवाळीला काकूंकडून कोणातरी ओळखीच्या माणसाबरोबर चिवड्याचा डबा येई. डबा परत जाताना काका त्यात स्वतः आखलेलं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर गुंडाळून ठेवत. हयातीचा दाखला कधी द्यायचा, गॅसची नळी कधी बदलायची, सगळं लाल शाईत. खाली नाव नाही, 'कशी आहेस' नाही. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मधे निरोप न्यायलाही कोणी नव्हतं. काकू अधूनमधून मलाच फोन करायच्या आणि गप्पांच्या शेवटी, अगदी फोन ठेवता ठेवता, विचारायच्या, "हे जेवतात ना वेळेवर?"

यंदा होळीच्या आधी त्यांचा असाच फोन आला. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. सोबत कोण, म्हणून मी विचारलं. शेजारची मुलगी कॉलेजातून येऊन औषधाचे थेंब घालते, म्हणाल्या. "यांना सांगू नकोस. उगाच गाडीची काळजी करत बसतील."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. काकांनी पट्ट्याचं नावही काढलं नाही. सकाळी सात वाजता इंजिनाचा आवाज आला नाही, म्हणून मी बाहेर पाहिलं, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याच फाटकाशी उभे होते.

"लकडगंजले येतं का वं पोरी? पट्टा बदलाचा आहे."

मी शिकवते त्या शाळेला फोन करून सुट्टी घेतली. लकडगंजात सलीमभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी झाकण काढलं, पट्टा बोटांनी वाकवून पाहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघतच राहिले. रबराला आडव्या भेगा पडल्या होत्या, दोन दाते अर्धे झिजले होते. "काका, हा तर कधीचाच गेलेला आहे," ते म्हणाले, "गाडी नुसती तुमच्या इज्जतीवर चालून राहिली."

काम तीन-चार तासांचं होतं. आम्ही बाकावर बसलो. काकांनी जुना पट्टा हातात घेऊन पाहिला आणि मी काही विचारलं नसताना ते स्वतःहून सांगायला लागले.

काकू तिकडे शाळेत शिक्षिका होत्या. बदली मिळाली नाही. इकडे काकांची नोकरी आणि अंथरुणाला खिळलेली आई. अठरा वर्षं काका दर शनिवारी अमरावतीला जायचे, रविवारी परत. आई गेली, पाठोपाठ काकूंची निवृत्ती आली. निरोप समारंभाच्या दिवशी काकांनी गाडी घेऊन जायचं, सामान भरायचं आणि काकूंना कायमचं घरी आणायचं, असं ठरलं होतं. पट्टा बदलायची वेळ तेव्हाच होऊन गेली होती. एकदा काकू आल्या की निवांत बदलू, असं त्यांनी ठरवलं. तो वाटेत, कोंढाळीपाशी तुटला.

"मंग मी फोन केला तिले. म्हटलं, गाडी बंद पडली." काकांनी पट्टा बाकावर ठेवला. "बस जाऊन राहिल्या होत्या ना वं समोरून. अमरावतीच्याच. तीन तं मी मोजल्या. हात नाही केला. गाडी रस्त्यावर कशी सोडाची म्हणून थांबलो. ट्रॅक्टरनं वढत मागं आनली नागपूरले. मंग गॅरेजवाल्यानं कोनाचा तरी वापरलेला पट्टा बसवला, तोच हा."

तिकडे काकू सामान बांधून, शाळेतल्या बायकांनी दिलेली साडी नेसून, अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काकांनी फोन करून गॅरेजवाला आठवडा लागेल म्हणतो, असं सांगितलं. काकू एवढंच म्हणाल्या, "बरं. तुम्ही गाडीपाशीच राहा." आणि बांधलेलं सामान सोडलं.

"रागावली असती तं गेलो असतो मी," काका म्हणाले. "रागावलीच नाही."

दुपारी नवा पट्टा बसला. सलीमभाईंनी वरच्या-खालच्या खुणा जुळवल्या, पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. खुणा जुळल्या. काका म्हणाले, अजून एकदा. मग अजून एकदा. पाचव्या वेळी सलीमभाईंनी पाना काकांच्याच हातात दिला. "आता अमेरिकेपर्यंत जा काका."

"अमरावतीच आहे," काका म्हणाले, इतकं हळू की ते मलाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते निघाले. वेग चाळीस. बाजारगावपर्यंत काका रस्त्याच्या कामाबद्दल बोलत होते. कोंढाळी मागे पडली तशी त्यांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून पँटला पुसला, मग दुसरा.

काकूंनी काळा चष्मा लावून दार उघडलं. आधी मी दिसले, मग मागचे काका. "या," म्हणाल्या, पाहुण्याला म्हणावं तसं. काका खुर्चीच्या कडेवर बसले. पाणी झालं, चहा झाला, माझ्या मुलांच्या परीक्षा विचारून झाल्या. मग काकांनी पट्टा कसा बदलला ते सांगायला सुरुवात केली. झाकण, भेगा, खुणा, पाच वेळा फिरवलेलं इंजिन. मला मधेच उठून जावंसं वाटलं. काकूंनी सगळं ऐकलं, एकदाही न थांबवता.

थेंबांची वेळ झाली, पण शेजारची मुलगी आली नव्हती. मी उठणार तेवढ्यात काका उठले. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, बाटलीवरचं बारीक अक्षर दोनदा वाचलं आणि काकूंसमोर उभे राहिले. काकूंनी चष्मा काढला. डोळा लाल होता.

"वर पाहा. हलू नको."

काकू हलल्या नाहीत. पस्तीस वर्षं रेघा मारलेला हात स्थिर होता. थेंब नेमका पडला. मग बाटलीचं बूच मात्र काकांना काही केल्या बसवता येईना. शेवटी ते काकूंनी त्यांच्या हातातून घेतलं आणि चाचपडत लावलं.

मी संध्याकाळच्या बसने एकटी परत आले. काका तिथे राहिले. डॉक्टरांनी थेंब पाच आठवडे सांगितले होते, काका पाच आठवडे राहिले. मी रोज त्यांच्या झाडांना पाणी घालताना मनात दोघांना एकत्र या फाटकातून आत आणत होते.

काका एकटेच आले. गाडी लावली, धुतली, कोरडी केली. मी कुंपणाशी उभी होते. काकू नाही आल्या का, हे विचारायचं धाडस होईना, म्हणून विचारलं, निघताना काही म्हणाल्या का.

"खाली फाटकापर्यंत आली होती," काका म्हणाले. ओलं फडकं पिळत राहिले. "म्हणाली, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून पिकला नाही. दिवाळीनंतर करू म्हणते डॉक्टर."

"आणखी?"

"आणखी काही नाही." फडक्यातलं पाणी केव्हाच निघून गेलं होतं. "पन हे सांगाची तिले काही गरज होती का? मी विचारलं नव्हतं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं. असतं ना वं पोरी?"

ते खरंच उत्तराची वाट बघत होते.

"चाललं असतं काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "तरी सांगितलं तिनं," म्हणाले आणि फडकं वाळत घालायला मागच्या अंगणात गेले.