लियाकत मिस्त्रीची पितळी पाटी

तीस वर्षांत लियाकत मिस्त्रीनं इंदापूर तालुक्यात शाळा बांधल्या, दवाखाने बांधले, पण त्याचं नाव कुठं म्हणून लागलं नाही. कोनशिलेवर बारा गावचे पुढारी, मिस्त्री तेवढा गायब! अखेर नव्या सरकारी इमारतीत देव पावला. दालनात उभा करायला पुण्याच्या शिल्पकारानं इथल्याच जमिनीचे थर दाखवणारा पुरुषभर उंचीचा दगडी खांब घडवला होता. दोन्ही टोकं काळी, मधे पिवळा मुरूम. माणूस दिलदार, त्यानं पितळी पाटीही कोरून धाडली, 'उभारणी : लियाकत मिस्त्री, निमगाव केतकी'.

क्रेननं खांब उभा झाला. पाटी लियाकतनं स्वतः छातीच्या उंचीवर चिकटवली.

"कयामतपर्यंत निघायची न्हाय," तो फोनवर बायकोला म्हणाला. उद्घाटन अकराला होतं आणि वहिदा गल्लीतल्या सात बायका घेऊन यायची होती.

नऊ वाजता लासुर्ण्याचे झुंबरतात्या दाखल्यासाठी आले. शंभरेक विहिरी खणलेला माणूस. खांब बघून ते खो खो हसत सुटले.

"मिस्त्री, हे उलटं हाय!"

"तात्या, ही कला हाय. आपल्या डोस्क्यावरनं जायची."

"कला असू दे न्हायतर बला. खालच्या काळ्याला भेगा हायत बघ. भेगा मातीला पडत्यात का पाषाणाला? तू माती तळाला घातलीस. असल्या हिरीला पाणी तर सोड, घामबी फुटायचा न्हाय!"

लियाकतनं खाली वाकून भेगांवरून बोट फिरवलं. त्यानं पुण्याला फोटो पाठवला. लगेच फोन आला, "अहो, डोक्यावर उभा केलाय तुम्ही!"

"राहू द्या हो," शेजारी उभे असलेले ऑफिसचे साहेब म्हणाले. "कुणाला कळतंय?"

"साहेब, ओळंब्याबिगर कधी वीट ठेवली न्हाय. उलट्या कामावर माझं नाव? न्हाय जमायचं."

क्रेन परत आली. साडेदहाला खांब फिरला, माती वर आली. आणि पाटीही फिरली! तिचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. लियाकतचं जन्मातलं एकुलतं कोरीव नाव आता गुडघ्याशी, पाय वर करून लटकलेलं. छिन्नी लावली तर दगडाचा टवका उडाला, पाटी ढिम्म हलेना.

"परत फिरवायचा का?" साहेबांनी घड्याळ बघत विचारलं.

"न्हाय. माती वरच ऱ्हाऊ द्या," लियाकत कसाबसा म्हणाला. त्याला रडू येत होतं. तेवढ्यात बायकांची टमटम दारात थांबली.

पाहुण्यांनी फीत कापली. खांबावरून नजर फिरवून ते निघणार, एवढ्यात त्यांना पाटी दिसली. हे काय म्हणून ते वाकले, मान वाकडी केली आणि मोठ्यानं वाचू लागले, "उभारणी... लियाकत मिस्त्री... निमगाव केतकी!" ते वाकले म्हणून साहेब वाकले, साहेब वाकले म्हणून अख्खं ऑफिस वाकलं. मागं सात बायका पदर सावरत वाकल्या.

"आवो, सरळ असती तर कोन बघत हुतं?" वहिदा नवऱ्याच्या कानात म्हणाली. लियाकतला हसावं की डोळे पुसावेत कळेना.

आठवडाभर लोक मुद्दाम पाटी वाचायला येत राहिले. मग एके दिवशी साहेबांनी लियाकतला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मिस्त्री, बाहेर माझ्या नावाची पाटी आहे ना, तीही जरा तशीच बसवता का?"