रुपीबाईच्या दंडावरचे वळ

लेकीची, रंजिताची, सगाई झाली ते साल दोन हजार सतरा. हंसाबाईच्या ते पक्कं ध्यानात आहे, कारण पाहुण्यांनी पाण्याला हात लावण्याआधीच तिच्या नवऱ्यानं, रामधननं, होणाऱ्या व्याह्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि जाहीर केलं, "कावीळ. होऊन गेली, नाही तं होनार."

मग त्यानं स्वतःची ओळख करून दिली. "दिग्रसपासून यवतमाळपावतर मुडद्यानं पोटात लपवलेलं असं एकबी रहस्य नाही, जे माह्या हातून गेलं नाही. डॉक्टर कापते, पॅथॉलॉजिस्ट पाह्यते, पन उमजते मले."

हातून गेलं, हे खरं होतं. रामधननं सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात शिपायाची नोकरी केली. पोस्टमार्टेमनंतर सील केलेल्या बाटल्यांचं खोकं मांडीवर घेऊन एस.टी.नं यवतमाळला पोचवायचं, हे त्याचं काम. बाटलीत काय आहे ते त्याला कोणी कधी सांगितलं नाही. एकदा तर खोकं पुसदच्या गाडीत चढलं आणि रामधन यवतमाळच्या. पण रिटायर झाल्यापासून त्यांच्या बंजारा तांड्यात कोंबडी मेली तरी तो आधी तिची जीभ बघायचा.

त्या वर्षी कापसावर बोंडअळी पडली. लोक औषधावर औषध फवारत होते, आणि फवारता फवारता विष लागलेल्या माणसांनी दवाखान्याच्या खाटा भरून गेल्या होत्या. सगाईला पंधरा दिवस होत नाहीत तोच तांड्यातली रुपीबाई गेली. वय ऐंशीच्या पुढं. सगळा तांडा तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचा. तिचा म्हातारा शाम ओट्यावर गप्प बसून होता. बायकांनी तिच्या अंगावरचं सगळं उतरवून आंघोळ घातली, तेवढ्यात रामधन आत शिरला.

"थांबा! हा खून हाय."

"अवो, आठ दिवसांपासून खोकलून राह्यली होती बुढी," हंसाबाई म्हणाली.

"खोकला ही खुन्याची चाल असते."

खुनी त्यानं आधीच ठरवला होता: सून चंदाबाई. आदल्या दिवशी ती सासूवर "मर तिथंच!" असं ओरडली, ते त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं. त्यानं तिचे हात हुंगले आणि मान डोलावली. फवाऱ्याचा वास.

"साऱ्या तांड्याच्या हाताले तोच वास हाय," हंसाबाई म्हणाली.

"मंग टोळी हाय," रामधन म्हणाला.

त्यानं प्रेत बारकाईनं पाहिलं, पण काय दिसलं ते बायकोला सांगितलं नाही. तपासातली गोष्ट घरात बोलायची नसते, म्हणे. सांगितलं ते थेट पोलिसांना फोन करून. जमादार भीमराज आला, रुपीबाईला दवाखान्यात नेलं, आणि चंदाबाईला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. दोन लेकरं शेजाऱ्यांकडं सोडून आलेली ती बाई रडतही नव्हती. हंसाबाई जवळ बसली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "काकी, मले नेतील का वो?"

दुपारी डॉक्टर अश्वजित हात धुवायला बाहेरच्या नळावर आला. फवारणीच्या रोग्यांमुळं तो दोन दिवस झोपला नव्हता.

"पाठ निळी हाय ना, साहेब?" रामधननं विचारलं. "काठीचा मार."

"काका, माणूस मेल्यावर रक्त खाली उतरतं, म्हणून पाठ निळी पडते. सव्वीस वर्षांत हे कळलं नाही तुम्हाला?"

"बाटली बंद राहे, साहेब."

"पोटात विषाचा वासही नाही. तरी बाटल्या तपासायला पाठवतो. फुप्फुसं मात्र न्यूमोनियानं दगडासारखी झालीत." डॉक्टर थांबला. "पण दोन्ही दंडांवर कोपरापासून खांद्यापर्यंत ओळीनं वळ आहेत. ते कशाचे, मला समजत नाही. आणि दिसलं ते लिहावं तर लागतं."

भीमराजनं वही काढली. चंदाबाईचा चेहरा राखेसारखा झाला.

हंसाबाईनं तोंड उघडलं, पण रामधन गरजला, "तू गप! साहेब, दोरीनं बांधलं तिले. आत्ता करून दाखवतो. हंसा, हात इकडं कर."

त्यानं खिशातून सुतळी काढली. पण तांड्यातल्या साऱ्या जुन्या बायांसारखा हंसाबाईचा दंड खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्यांनी भरलेला.

"काढ त्या. दोरी कुठं बांधू?"

हंसाबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग नळाजवळचा साबण घेतला, दंडाला लावला आणि एकेक बांगडी उतरवू लागली. शेवटची निघाली तेव्हा तिनं हात सगळ्यांसमोर धरला. कोपरापासून खांद्यापर्यंत ओळीनं वळ. पांढुरके, खोल, बोट बसेल असे.

रामधननं घाबऱ्या आवाजात विचारलं, "हंसा, तुले कोनं बांधलं?"

"तुमीच," हंसाबाई म्हणाली. "बेचाळीस वर्षं झाली." मग ती डॉक्टरकडं वळली. "नवरा जिता असेपर्यंत आमच्यात या उतरवत नाहीत, बाबू. याडीनं साठ वर्षं घातल्या. आज आंघोळीले मीच काढल्या."

डॉक्टरनं तो दंड नीट पाहिला, आत जाऊन रुपीबाईचा पुन्हा पाहिला आणि परत आला. "बरोबर आहे," तो म्हणाला.

"अन् 'मर तिथंच' म्हनली, त्याचं काय?" भीमराजनं वही मिटली नव्हती.

"दवाखान्यात चाल म्हनलं मी तिले," चंदाबाई म्हणाली. "तीन दिवस म्हनून राह्यली होती. ती म्हने, तिथं फवाऱ्याच्या लोकाईनं खाटा भरल्या, मले बुढीले कोन जागा देते? मंग राग आला. म्हनलं, नाही येत तं पडून राह्य बाजेवर, मर तिथंच." आणि ती रडायला लागली.

डॉक्टरनं उघड्या दारातून वॉर्डात पाहिलं. एकेका खाटेवर दोघं होते.

"मी तं पयलेच म्हनलं होतं," रामधन म्हणाला, "खोकला!"

भीमराजनं वही खिशात घातली आणि चंदाबाईला घरी जायला सांगितलं.

रुपीबाई नऊ ऑक्टोबर दोन हजार सतराला, सोमवारी पहाटे, आपल्या घरी न्यूमोनियानं मेली. तिला कोणी मारलं नव्हतं.