नवीनच्या चाकांतली हवा

नवीन शेडमध्ये जाऊन गाडी बघून आला आणि एक शब्द न बोलता त्याने कळण्याची दुसरी भाकरी ताटात घेतली, तेव्हाच योगराजला खटकलं. हा मेहुणा एरवी जेवताना घास थांबवून बोलणारा. तो गप्प आहे म्हणजे काहीतरी करून आला आहे.

"कशी वाटली गाडी?" योगराजने विचारलं.

"मस्त." नवीन ताटाकडे बघूनच म्हणाला. "दाजी, एक विचारू का? उद्या पुढच्या चाकांत हवा किती ठेवू?"

दोघांच्याही गाड्या जुन्या, छोट्या आणि पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. अशा गाडीच्या पुढच्या चाकांत हवा जरा कमी ठेवली की रबर डांबराला धरून राहतं, सुटताना चाक जागच्या जागी फिरत नाही. मागच्यांत हवा जास्त ठेवायची, म्हणजे ती हलकी पळतात. हे शोधायला योगराजचे दोन मोसम गेले होते.

"चाळीस ठेव," तो शांतपणे म्हणाला. "टणक पाहिजे चाक."

खोटं बोलण्याला कारण होतं. धुळ्याजवळच्या बंद गिरणीमागच्या सरळ रस्त्यावर हौशी मंडळींची जी शर्यत व्हायची, तिथे तो नवीनकडून दोनदा हरला होता. त्याच्या बायकोने, चारुलताने, परवाच निकाल देऊन टाकला होता. "या खेपेला माझ्या भावाकडून हरलात तर गाडी विकायची. शेडमध्ये मला वेफर्सची भट्टी टाकायची आहे."

सकाळी योगराज यावलहून पेट्रोल घेऊन आला. आता गाडी केळीच्या ट्रकमध्ये चढवायची होती. धक्का मारताना माणसांची दमछाक झाली.

"भाऊ, डिक्कीत गोटे भरले का काय?" एकाने विचारलं.

योगराजने डिक्की उघडली. रिकामी होती. सीटखाली पाहिलं, काही नाही. मागच्या चाकांना हवेचं मीटर लावलं, बरोबर चाळीस. आता तर त्याची खात्रीच पटली. एवढं सगळं बरोबर दिसतंय आणि गाडी जड, म्हणजे करणारा हुशार आहे. ब्रेक आवळून ठेवले असणार. त्यात चारुलता भावाच्या गाडीत बसून पुढे निघून गेली. नशिराबादपासून धुळ्यापर्यंत योगराजने ट्रकच्या केबिनमध्ये दात आवळून ठेवले. शेजारी त्याचे वडील, पितांबरआबा, खुशीत बसले होते.

"आज तू जिंकतो बघ," आबा म्हणाले. "मले माहीत हाये."

"त्या नवीननं काहीतरी करून ठेवलंय, आबा."

"कायले करीन तो? तुले तं समद्यांचाच संशय."

शर्यतीच्या जागी नवीन नाव नोंदवायला गेला आणि योगराजचा धीर सुटला. तो नवीनच्या गाडीपाशी बसला, बुटाची नाडी बांधल्यासारखं करत पुढच्या चाकाच्या व्हॉल्वमध्ये काडी दाबली. मग दुसऱ्या चाकाच्या. दोन्ही चाकं पार जमिनीला टेकवायची होती, पण पावलं वाजली आणि त्याला काम अर्धवट टाकून उठावं लागलं.

झेंडा खाली आला. नवीनची गाडी जमिनीला चिकटल्यासारखी सरळ सुटली. योगराजची मात्र मागून कोणी शेपूट धरल्यासारखी निघाली. निम्म्या रस्त्यातच निकाल लागला.

योगराज खाली उतरला, मागच्या चाकाशी बसला आणि मीटर लावलं. या वेळी व्हॉल्व चाकाच्या खालच्या बाजूला आला होता; त्यातून पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर.

"पाणी?" तो ओरडला. "चाकात पाणी कोणी भरलं?"

"मी," आबा म्हणाले. "तू यावलला गेला तं पंक्चरवाल्याले बलावलं. चाक घसरतं म्हणून रडे ना तू? ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात भरतो तसंच भरलं. घसरलं का सांग?"

"आबा, ही गाडी पुढच्या चाकांवर पळते!"

"मंग हे आधी सांगाचं व्हतं."

तेवढ्यात नवीन धावत आला आणि चारचौघांत योगराजच्या पायाशी वाकला.

"दाजी, माझ्या चाकाशी बसलेलं मी तुम्हाला पाहिलं. माझी हवा तुम्हीच कमी केली ना? काल विचारायचीसुद्धा लाज वाटत होती मला, म्हणून ताटाकडे बघत नुसता जेवत राहिलो. चाळीस चुकीचं सांगितलं हे तुमच्या लक्षात आलं आणि गुपचूप येऊन दुरुस्त करून गेलात. चाळीस राहिली असती तर मी जागेवरच चाक फिरवत बसलो असतो."

योगराजच्या कानात ते शेवटचं वाक्य बराच वेळ घुमत राहिलं.

चारुलताचे डोळे भरून आले होते. "गाडी जाणार हे माहीत असून तुम्ही माझ्या भावासाठी..." तिने पदर डोळ्यांना लावला. "राहू द्या ती गाडी. भट्टी मी अंगणात टाकते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी नवीनच्या गळ्यातला हार काढून योगराजच्या गळ्यात घातला. त्याने खाली मान घातली; बघणाऱ्यांना तो विनय वाटला.

आबा मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते जवळ आले, त्यांनी मुलाच्या कपाळावर हात ठेवून पाहिला आणि हळूच विचारलं, "खरं सांग, भो. त्याची किती हवा काढाची व्हती तुले?"